दाखला हरवला, नोंद नव्हे
परदेशी निघालेल्या कुटुंबांसाठी

विवाह हा वेदीसमोर दिलेला शब्द आहे. दोन घरची माणसे, दोन साक्षीदार आणि धर्मगुरू यांच्यासमक्ष तो एकदा दिला गेला, की साऱ्या गावाला तो ठाऊक होतो. पुढे आयुष्यभर कोणी त्याचा पुरावा मागत नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या आपल्या सीमेवरच्या तालुक्यांत अमुक बाई अमुक घरची सून आहे हे सिद्ध करण्यास कागद लागतो, असे कोणी म्हटले तर लोक हसतील. परंतु हीच सून नवऱ्याबरोबर आणि लेकरांबरोबर परदेशी स्थायिक होण्यासाठी अर्ज करते, त्या दिवशी गावाची ओळख तिच्या उपयोगी पडत नाही. साता समुद्रापलीकडच्या कचेरीतील अधिकारी तिला ओळखत नाही आणि तिच्या सासऱ्यालाही ओळखत नाही. तो एकच गोष्ट विचारतो : विवाहाचा दाखला कोठे आहे?

आपल्या भागातील माणसाने पोटासाठी घर सोडणे ही नवी गोष्ट नव्हे. पूर्वी तो हैदराबादेस, सोलापुरास, पुण्यास व मुंबईस जात असे. पुढे आखाती देशांची वाट रुळली. आणि आता शिकलेली मुले-मुली कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांकडे पाहू लागली आहेत. यात एक मोठा फरक आहे. पूर्वी पुरुष एकटा जाई व घरी पैसे पाठवी. आता पती, पत्नी व मुले यांनी एकत्र जावे, एकत्र राहावे, अशी इच्छा असते. ही इच्छा उत्तम आहे. पण ती पुरी व्हावयाची तर अर्ज साऱ्या कुटुंबाचा करावा लागतो, आणि कुटुंबाच्या अर्जाचा पाया म्हणजे विवाहाचा दाखला होय.

अनेकांना या कागदाची उणीव फार उशिरा कळते, याचेही एक कारण आहे. 2016 सालच्या डिसेंबरात भारत सरकारने पासपोर्टाचे नियम सोपे केले, आणि तेव्हापासून विवाहितांना पासपोर्टासाठी विवाहाचा दाखला अनिवार्य राहिलेला नाही. पासपोर्ट हाती पडला म्हणजे सर्व कागद जुळले, असे घरच्यांना वाटते. आणि खरी मागणी पुढे होते, ती परदेशच्या सरकारकडून.

कागदावाचून अडलेली पत्नी

परक्या देशाने विवाहाचा पुरावा मागणे कधीकधी किती कठोर होऊ शकते, याचे एक उदाहरण इतिहासात नमूद आहे. दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ येथे राहणारे हसन इसप नावाचे एक भारतीय गृहस्थ होते. त्यांची पत्नी बाई मरियम हिला त्या देशात प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि 14 मार्च 1913 रोजी केप प्रांताचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात एकाहून अधिक पत्नी करण्यास मुभा आहे त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह प्रवेशाच्या कायद्यापुरता विवाह म्हणून धरता येणार नाही. एका निकालाने हजारो हिंदू, मुसलमान व पारशी स्त्रियांचे पत्नीपण संशयित ठरले. या अपमानामुळेच कस्तुरबा गांधी व त्यांच्याबरोबरच्या अनेक स्त्रिया त्या वर्षी सत्याग्रहात उतरल्या व तुरुंगात गेल्या. पुढे 1914 सालच्या कायद्याने या विवाहांना मान्यता मिळाली.

आज कोणताही मोठा देश धर्मविधीवरून असा भेद करीत नाही. आज अडवणूक होते ती कागदाची. विवाह खरा आहे, सुखाचा आहे, वीस वर्षांचा आहे, हे सारे खरे असूनही तो कागदावर दाखविता आला नाही, तर अर्ज थांबतो. आणि तात्पुरता मार्ग म्हणून नवरा पुढे जातो, बायको-मुले मागे राहतात. 'एक वर्षात बोलावून घेतो' असे म्हणून गेलेल्या माणसाची वाट पाहणे किती लांबते, हे आपल्या गावांना वेगळे सांगावयास नको.

कागद कोठे जातात?

दाखला हरवणे हा प्रत्येक वेळी निष्काळजीपणाच असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारो माणसे दगडामातीच्या घरांखाली गाडली गेली आणि 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या ढिगाऱ्यांखाली माणसांबरोबर पत्र्याच्या पेट्याही गेल्या, आणि पेट्यांतले कागदही गेले. सीमेच्या या बाजूची किती तरी सोयरीक त्याच गावांतून जुळलेली होती. 2009 सालचा महापूर आणि ऑक्टोबर 2020 मध्ये भीमेला आलेला पूर कलबुर्गी जिल्ह्यातील नदीकाठच्या लोकांच्या स्मरणात आहेत. याशिवाय वाळवी आहे, गळके छप्पर आहे, भावाभावांच्या वाटण्या आहेत. आणि मूळ कागद एखाद्या दलालाच्या हाती देऊन तो परत न मिळाल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. कित्येकांनी तर लग्नाच्या दिवशी सही केली, पण दाखला मागून घेतलाच नाही.

या सर्वांना आम्हांस प्रथम धीराची एक गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या पेटीतला दाखला ही केवळ प्रत होय. मूळ नोंद पेटीत नसून धर्मग्रामाच्या विवाह-नोंदवहीत असते. प्रत हरवली म्हणजे नोंद हरवली असे होत नाही.

नोंद एका ठिकाणी नसते

ख्रिस्तसभेने विवाहाची नोंद ठेवण्याचा दंडक फार पूर्वी घातला. 1563 साली त्रेंत येथील परिषदेने फर्मावले की, प्रत्येक धर्मग्रामाच्या धर्मगुरूने वधूवर, साक्षीदार, दिवस व स्थळ यांची नोंद वहीत करावी. लपूनछपून झालेले विवाह पुढे नाकारले जात व स्त्रिया-मुले निराधार होत. त्यास आळा घालणे हा त्यामागचा हेतू होता. 1908 साली अमलात आलेल्या नियमाने त्यात मोलाची भर पडली : विवाहाची नोंद विवाहाच्या वहीत करून थांबावयाचे नाही, तर वधू व वर यांचा बाप्तिस्मा जेथे झाला त्या धर्मग्रामांस कळवावयाचे, आणि तेथील बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांच्या नावासमोर समासात विवाहाची टीप करावयाची. 1983 सालच्या धर्मविधिसंहितेच्या 1121 व 1122 या कलमांत हेच दोन नियम आजही आहेत.

या व्यवस्थेचा उपयोग कसा होतो, ते पाहू. समजा, वधूचा बाप्तिस्मा भालकीकडच्या एका धर्मग्रामात झाला, वराचा सोलापुरात, आणि लग्न कलबुर्गीस लागले. म्हणजे एका विवाहाची खूण तीन वह्यांत उमटली. कलबुर्गीची वही पुरात भिजली तरी सोलापूरच्या व भालकीकडच्या वहीतील टीप शिल्लक राहते, आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ती टीप उतरवून देणे हे धर्मगुरूंचे कर्तव्यच आहे. म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला मागताना 'समासातील टिपांसह' असे स्पष्ट मागावे.

जुन्या विवाहांसाठी आणखी एक जागा आहे. 1917 सालच्या संहितेच्या 470 व्या कलमानुसार प्रत्येक धर्मगुरूने वर्षअखेर नोंदवह्यांची खरी प्रत बिशपांच्या कचेरीत पाठवावयाची असे. हा नियम 1983 पर्यंत सर्वत्र लागू होता. तेव्हा त्यापूर्वी लग्न झालेल्या आईवडिलांची नोंद गावच्या वहीत नसली, तर धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात शोध घेण्यास जागा आहे.

पण धर्मप्रांत कोणता? सीमेवर राहणाऱ्यांनी येथे विशेष ध्यान द्यावे. गुलबर्गा धर्मप्रांताची स्थापना 2005 साली झाली व रॉबर्ट मायकल मिरांडा हे त्याचे पहिले बिशप झाले. त्यापूर्वी बिदरकडचा भाग हैदराबादच्या महाधर्मप्रांतात मोडत होता. यास्तव बिदर भागातील 2005 पूर्वीच्या विवाहाची धर्मप्रांतातील प्रत हैदराबादेस असण्याचा संभव अधिक. लग्न सोलापुरास झाले असेल तर पुणे धर्मप्रांताकडे पाहावे. उपकेंद्रातील लहान देवळात लग्न झाले असेल तर त्याची वही त्या देवळात असेलच असे नाही; फादर ज्या मूळ धर्मग्रामातून मिस्सेसाठी येत असत, तेथे ती असते. 'आमच्या देवळात वहीच नाही' असे ऐकून निराश होऊन परतणाऱ्यांनी एवढे विचारावे : त्या वर्षी हे देऊळ कोणत्या धर्मग्रामाखाली होते?

आपल्या भागात मेथडिस्ट कुटुंबेही पुष्कळ आहेत आणि दोन्ही मंडळ्यांत सोयरीक होते. बिशपांची सूट घेऊन विवाह मेथडिस्ट चर्चमध्ये झाला असेल, तर मूळ नोंद तेथे असणार. त्याचबरोबर धर्मप्रांताच्या कचेरीत व कॅथलिक पक्षाच्या धर्मग्रामातही ती असावयास हवी, असा नियम आहे. दोन्हीकडे विचारावे.

सरकारी कायदा काय म्हणतो?

आपल्या विवाहांना लागू असलेला कायदा म्हणजे 1872 सालचा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा. त्यातील चार कलमे प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी. 30 व्या कलमाप्रमाणे कॅथलिक धर्मगुरूने लावलेल्या विवाहाची नोंद बिशपांनी ठरविलेल्या पद्धतीने होते, आणि अशा नोंदींचा गोषवारा दर तीन महिन्यांनी जन्म, मृत्यू व विवाह यांच्या महानिबंधकाकडे पाठवावयाचा असतो. हे गोषवारे ज्या काळात नियमाने गेले, त्या काळातील विवाहांची खूण सरकारी दप्तरातही सापडू शकते. 79 व्या कलमाप्रमाणे ज्याच्या ताब्यात नोंदवही आहे, त्याने योग्य शुल्क घेऊन शोध घेऊ द्यावा व आपल्या सहीची प्रत द्यावी. 80 व्या कलमाप्रमाणे अशी सहीची प्रत विवाहाचा पुरावा म्हणून आणखी सिद्ध न करता स्वीकारली जाते. चौथे कलम 78 वे. त्याचा विचार पुढे करू.

याचा अर्थ असा, की धर्मग्रामातून मिळणारी नवी प्रत ही दुय्यम प्रतीची चिठ्ठी नव्हे. तिला कायद्याचे बळ आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2006 रोजी सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असे राज्यांना सांगितल्यापासून, परदेशच्या कचेऱ्या सरकारी निबंधकाच्या सहीचा कागद मागण्याकडे अधिक झुकल्या आहेत. म्हणून धर्मग्रामाची प्रत हाती आली की आपल्या तालुक्याच्या उपनिबंधक कचेरीत जाऊन सरकारी प्रतीची चौकशीही करून ठेवावी.

प्रत कशी मागावी?

आधी पोलीस ठाण्यात दाखला हरवल्याची तक्रार द्यावी व तिची पोच जपून ठेवावी. मग धर्मगुरूंना लेखी अर्ज करावा. त्यात वधूचे माहेरचे पूर्ण नाव, वराचे पूर्ण नाव, दोघांच्या वडिलांची नावे, लग्नाची तारीख, लग्नाचे देऊळ, लग्न लावणारे फादर, दोन साक्षीदार आणि अर्जाचे कारण लिहावे. तारीख निश्चित आठवत नसेल तर वर्ष व हंगाम तरी सांगावा : 'नाताळानंतरच्या सोमवारी', 'ज्वारीच्या काढणीच्या वेळी' अशा आठवणीवरूनही पाने शोधता येतात. जुनी लग्नपत्रिका किंवा एखादा फोटो असेल तर त्याची प्रत जोडावी. त्रोटक दाखल्याऐवजी नोंदीचा संपूर्ण उतारा मागावा; त्यावर वहीचे वर्ष, पान व अनुक्रमांक, धर्मगुरूंची सही व धर्मग्रामाची मोहोर असावी. एक प्रत मागण्यापेक्षा तीन मागणे शहाणपणाचे.

अर्जदार दूर असेल तर त्याने आपल्या भावाला किंवा वडिलांना अधिकारपत्र द्यावे. दुसऱ्याच्या विवाहाचा उतारा धर्मगुरूंनी वाटेल त्याला द्यावा अशी अपेक्षा करू नये. वहीची गुप्तता ही आपल्याच हिताची आहे.

नावांचा घोळ

खरे संकट पुष्कळदा येथून सुरू होते. आपला भाग चार भाषांच्या चौकावर वसलेला आहे. आजोबांचे कागद निजामाच्या अमदानीत उर्दूत लिहिलेले व फसली सालाचे. त्या सालात 590 मिळविले म्हणजे सुमारे इसवी सन येतो. वडिलांचा शाळेचा दाखला मराठीत, मुलाचा कन्नडमध्ये, आणि बाप्तिस्म्याची जुनी नोंद कधी लॅटिन वळणाची. योहान, जॉन आणि जुआंव हे तीन पुरुष नव्हेत, एकच आहे; हे आपल्याला समजते, परदेशच्या अधिकाऱ्याला समजत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर घोळ अधिकच. सीमेपलीकडे महाराष्ट्रात लग्नानंतर सुनेच्या नावापुढे नवऱ्याचे नाव व आडनाव लागते, कोठे तर पहिले नावही बदलते. कर्नाटकात पुष्कळांच्या कागदांवर आडनावाच्या जागी वडिलांच्या नावाचे वा गावाच्या नावाचे आद्याक्षर असते. बिदरकडची मुलगी लातूरकडे दिली म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नाच्या वहीत दुसरे, आधारपत्रावर तिसरे असा प्रकार होतो.

स्थळांचेही तसेच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबादकडचा भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि बिदर म्हैसूर राज्यात आले. म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले 1973 साली. गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले 2014 साली. उस्मानाबादचे धाराशिव झाले 2023 साली. ज्या वृद्धाच्या दाखल्यावर 'उदगीर, जिल्हा बिदर' असे लिहिले आहे त्याचा दाखला खोटा नाही. पण अर्जात 'उदगीर, पूर्वी जिल्हा बिदर, सांप्रत जिल्हा लातूर' असे खुलासेवार लिहिले नाही, तर शंका उत्पन्न होते.

यावर उपाय दोन आहेत. वहीतच चूक झालेली असेल तर 78 वे कलम लागू होते. नोंद ठेवणाऱ्याला चूक आढळल्यापासून एक महिन्याच्या आत, पती-पत्नी यांच्यासमक्ष, किंवा ती हयात वा हजर नसल्यास दोन विश्वासू साक्षीदारांसमक्ष, समासात दुरुस्ती लिहिता येते. त्याखाली सही व तारीख घालावयाची असते. मूळ नोंदीला मात्र हात लावावयाचा नाही. 'फादर, एवढे नाव खोडून पासपोर्टाप्रमाणे लिहा' अशी गळ कोणी धर्मगुरूंना घालू नये. त्याने धर्मगुरू अडचणीत येतात आणि खोडलेली नोंद पाहून अर्जदाराचाही विश्वास जातो. वहीत चूक नसून निरनिराळ्या कागदांवर नावे निरनिराळी असतील, तर 'या सर्व नावांची व्यक्ती मी एकच आहे' असे प्रतिज्ञापत्र मुद्रांक कागदावर नोटरीसमोर करावे व त्यात प्रत्येक कागदावरील नाव जसेच्या तसे लिहावे.

वहीच नाहीशी झाली असेल तर

शोध करूनही नोंद सापडली नाही, असेही कधी घडते. तेव्हा 'अमुक वर्षांच्या वह्या पाहिल्या, नोंद उपलब्ध नाही' असे लेखी पत्र धर्मगुरूंकडून व निबंधकाकडून घ्यावे. हे नकाराचे पत्र निरुपयोगी समजून फेकू नये. अमेरिकेचा नियम असा आहे : मूळ दाखला मिळत नाही हे आधी दाखवावे, मग चर्चची वा शाळेची कागदपत्रे असा दुय्यम पुरावा द्यावा, तोही नसेल तर ज्यांना त्या घटनेची प्रत्यक्ष माहिती आहे अशा, अर्जाशी संबंध नसलेल्या, दोन किंवा अधिक व्यक्तींची शपथपत्रे द्यावीत. ही पायरी चुकविता येत नाही, आणि तिची पहिली पायरी नकाराचे पत्र हीच आहे.

लग्नात साक्षीदार म्हणून उभे राहिलेले मामा, वऱ्हाडात आलेले गुरुजी हे आज हयात असतील तर त्यांची शपथपत्रे आजच घ्यावीत. त्यांनी स्वतः काय पाहिले ते लिहावे : कोणत्या दिवशी, कोणत्या देवळात, कोणत्या फादरांनी लग्न लावले, आपण तेथे का होतो. त्यांच्या जोडीला मुलांचे जन्मदाखले, शिधापत्रिका, मतदार यादी, विम्यातील वारसाची नोंद, बँकेतील जोडखाते हे कागद ठेवावेत. एकेक कागद दुबळा असतो; सारे मिळून एकच हकीकत सांगतात.

याखेरीज एक सरळ कायदेशीर मार्ग आहे. 1954 सालच्या विशेष विवाह कायद्याच्या 15 व्या कलमान्वये, धर्मविधीने आधीच झालेल्या विवाहाची नोंदणी विवाह अधिकाऱ्याकडे करता येते. विधी झालेला असावा, तेव्हापासून दोघे पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असावीत, दोघांचीही वये 21 वर्षे पूर्ण असावीत, आणि अर्जापूर्वी सलग 30 दिवस दोघेही त्या जिल्ह्यात राहत असावीत, अशा मुख्य अटी आहेत. अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवसांची जाहीर नोटीस लागते. मग दाखला मिळतो. हा दाखला घेतला तरी परदेशी अर्जात लग्नाची तारीख म्हणून वेदीसमोर लग्न लागले ती तारीखच लिहावी, आणि नोंदणी नंतर का केली याचा खुलासा दोन ओळींत जोडावा.

येथे वेळेचा हिशेब महत्त्वाचा आहे. कॅनडाच्या कुशल कामगारांसाठीच्या योजनेत निमंत्रण आल्यापासून पुरा अर्ज भरण्यास 60 दिवस मिळतात. विशेष विवाह कायद्याचे 30 दिवसांचे वास्तव्य व 30 दिवसांची नोटीस यांतच 60 दिवस संपतात. शिवाय नवरा दुबईस आणि बायको हुमनाबादेस असेल, तर दोघांचे वास्तव्य एका जिल्ह्यात दाखविताच येत नाही. निमंत्रण आल्यावर दाखला शोधू म्हणणारा माणूस लग्नघटिका आल्यावर मांडव घालावयास निघालेल्यासारखा आहे.

मोहोर आणि भाषांतर

दाखला हाती आला तरी काही देशांसाठी त्यावर सरकारी मोहोर लागते. भारत 2005 सालापासून अपोस्टिल या आंतरराष्ट्रीय करारात आहे. करारातील देशांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ती एक मोहोर पुरते. कॅनडाही जानेवारी 2024 पासून या करारात आला आहे. संयुक्त अरब अमिरातीसारख्या कराराबाहेरील देशांसाठी मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचीही सही घ्यावी लागते. मंत्रालयाकडे जाण्यापूर्वी राज्य सरकारच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची साक्ष लागते, आणि तेथे पुष्कळदा सरकारी निबंधकाची प्रतच चालते. सरकारी प्रतीची चौकशी करून ठेवा असे आम्ही वर म्हटले, ते याच कारणाने. प्रत्येक अर्जास मोहोर लागतेच असे नाही. त्या देशाच्या यादीत सांगितली असेल तरच हा खर्च करावा. दाखला मराठीत वा कन्नडमध्ये असेल तर भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावे. घरच्या माणसाने केलेले भाषांतर, ते कितीही बिनचूक असले तरी, कॅनडासारखे देश स्वीकारीत नाहीत.

खोट्या वाटेने जाऊ नये

दाखला मिळेना असे पाहून काही दलाल सांगतात, 'काळजी नको, दोन दिवसांत नवा करून देतो.' अशा माणसाला दारात उभे करू नये. खोटी मोहोर हा आपल्या देशात फौजदारी गुन्हा आहेच. शिवाय कॅनडात खोटी माहिती देणारास 5 वर्षे प्रवेशबंदी होते, आणि अमेरिकेत अशी बंदी सामान्यतः कायमची असते. ज्याचे लग्न खरे आहे, त्याने खोट्या कागदापायी आपले खरे लग्नही संशयास्पद करून घ्यावे, यासारखे दुर्दैव नाही.

दुसरा मोह याहून अधिक घातक आहे. 'दाखला नाही, तर अर्जात अविवाहित लिही; एकदा तेथे पोहोच, मग बायकोला बोलाव' असा सल्ला शहाणी म्हणविणारी माणसेही देतात. कॅनडाच्या नियमांत स्पष्ट तरतूद आहे, की स्थायिक होताना पत्नी वा मूल जाहीर केले नाही व त्यांची तपासणी झाली नाही, तर पुढे त्यांना कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा मार्ग सामान्यतः बंद होतो. बरोबर न नेणारे मूलसुद्धा अर्जात दाखवावेच लागते. एका ओळीतील असत्याने पत्नी कायद्याच्या दृष्टीने परकी होते, आणि बाप आपल्या मुलाला मुकतो. काही महिन्यांचा उशीर सोसवतो. हे सोसवत नाही.

1 ऑगस्ट 1952 रोजी पोप बारावे पायस यांनी देशांतर करणाऱ्यांच्या हिताविषयी एक धर्मादेश काढला व त्याचा आरंभ इजिप्तमध्ये आसरा घेतलेल्या नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या स्मरणाने केला. त्या कुटुंबाने देश सोडला तेव्हा योसेफ, मरिया व बाळ येशू एकत्र होते. कागदांचा हा सारा खटाटोप करावयाचा, तो कुटुंब असेच एकत्र राहावे म्हणून.

यास्तव वाचकहो, ज्यांच्या घरी परदेशचा विचार आज नाही त्यांनीही येत्या रविवारी पेटी उघडून पाहावी. दाखला असेल तर त्याच्या प्रती काढून एक माहेरी व एक सासरी ठेवावी. नसेल तर मिस्सा संपल्यावर फादरांना भेटून अर्ज द्यावा. नव्याने लग्न झालेल्यांनी आपल्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामात टीप पोहोचली किंवा नाही, याची एका पत्राने खात्री करून घ्यावी. आणि ज्या म्हाताऱ्या मामांनी तुमच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही केली, त्यांच्याकडे जावयाचे असेल तर ते या उन्हाळ्यातच जाऊन यावे.